पालीतलं क्रियापद कसं सोडवायचं: प्रत्यय, अंग आणि धातू

'बुद्धं सरणं गच्छामि' हे वाक्य महाराष्ट्रात लाखो लोकांना तोंडपाठ आहे. अर्थही माहीत असतो. पण पाली शिकायला घेतली, कोश उघडला आणि 'गच्छामि' शोधायला गेलं, तर तो शब्द तिथे नसतो. सापडतो 'गच्छति'. व्याकरणाच्या पुस्तकात पाहावं, तर तिथे 'गम् धातू' असं लिहिलेलं. गच्छामि, गच्छति, गम्. हे सगळं एकच क्रियापद आहे, पण तीन वेगवेगळ्या थरांवरचं. या तीन थरांमध्ये सहज ये-जा करता आली की पालीचं निम्मं व्याकरण हाती आलं, असं मी मानतो.

एक मत सुरुवातीलाच मांडतो. धातूंची यादी पाठ करून पाली शिकायला बसू नका. बरीच पुस्तकं धातू घ्या, गण ओळखा, विकरण लावा, प्रत्यय लावा, या क्रमाने जातात. व्याकरण लिहिणाऱ्याला तो क्रम सोयीचा पडतो. वाचणाऱ्यासमोर मात्र तयार रूप येतं: सम्मन्ति, पजानाति, निसीदि. म्हणून वाचकाने उलट्या वाटेने जावं. आधी प्रत्यय काढायचा, मग उपसर्ग, मग उरलेलं अंग पाहायचं आणि सर्वांत शेवटी धातू. या लेखात तोच क्रम ठेवला आहे.

तीन संज्ञा पक्क्या करू. धातू म्हणजे क्रियेचं मूळ, ज्याला अजून काळ नाही, कर्ता नाही: गम्, ञा, दा, बुध्. अंग म्हणजे प्रत्यय लावण्यासाठी तयार केलेला धातू: गच्छ, जाना, ददा, बुज्झ. आणि प्रत्यय म्हणजे शेवटी लागणारा तुकडा, जो कोण आणि केव्हा ते सांगतो: मि, ति, अन्ति. धातूचं अंग करण्यासाठी मध्ये जे घातलं जातं त्याला विकरण म्हणतात. जुन्या पाली व्याकरणांत धातू उच्चाराच्या सोयीसाठी 'गमु', 'पच' असे स्वरान्त लिहिलेले दिसतात. इथे मी ते पाय मोडून लिहितो आहे. दोन्हींत फरक काही नाही.

पहिली पायरी: शेवट वेगळा करा

वर्तमानकाळाचे रोजच्या वापरातले प्रत्यय सहाच आहेत. गच्छति म्हणजे तो जातो, गच्छन्ति ते जातात, गच्छसि तू जातोस, गच्छथ तुम्ही जाता, गच्छामि मी जातो, गच्छाम आम्ही जातो. मि आणि म यांच्याआधी अंगातला शेवटचा अ दीर्घ होतो. त्यामुळे 'गच्छामि'चं अंग 'गच्छा' नाही, 'गच्छ' आहे. ज्या अंगाच्या शेवटी ए किंवा ओ असतो तिथे हा प्रश्नच येत नाही: पूजेमि, करोमि. आणि ज्याच्या शेवटी मुळातच आ आहे, त्याचा आ न्ति च्या आधी ऱ्हस्व होतो: जानाति, पण जानन्ति.

इथे मराठी माध्यमात शिकलेल्यांसाठी एक खड्डा आहे. आपल्या शालेय व्याकरणात 'मी' हा प्रथम पुरुष आणि 'तो' हा तृतीय. पालीत, संस्कृतप्रमाणेच, मोजणी उलट्या टोकाने होते: 'तो' हा पठमपुरिस, 'तू' मज्झिमपुरिस आणि 'मी' उत्तमपुरिस. पालीच्या पुस्तकात 'पठमपुरिस एकवचन' असं दिसलं की तिथे 'ति' समजायचं, 'मि' नाही. काळांची पारंपरिक नावंही अशीच चकवतात. आज्ञार्थाला 'पञ्चमी' म्हणतात आणि विध्यर्थाला 'सत्तमी'. नामाच्या पाचव्या-सातव्या विभक्तीशी त्यांचा काही संबंध नाही.

वर्तमानकाळाबाहेरचे शेवटही लवकर ओळखीचे होतात, कारण ते कानावर पडलेले असतात. 'भवतु सब्बमङ्गलं, रक्खन्तु सब्बदेवता' यातला तु आणि न्तु हा आज्ञार्थ किंवा शुभेच्छा. 'सब्बे सत्ता सुखी होन्तु' यातही तोच. एय्य दिसलं की विध्यर्थ: हनेय्य, मारावं. इस्सति दिसलं की भविष्यकाळ: गमिस्सति, करिस्सति. भूतकाळात शेवटी इ, सि, उं, इंसु असे तुकडे येतात आणि पुष्कळदा सुरुवातीला एक अ चिकटतो: अकासि (केलं), अदासि (दिलं), अस्सोसि (ऐकलं). हा अ नकाराचा नाही, हे लक्षात ठेवा. ते, अन्ते, से अशा शेवटांची रूपं (लभते, मञ्ञते) मुख्यतः गाथांमध्ये भेटतात. अर्थाने ती साध्या रूपांसारखीच घ्यायची आणि पुढे जायचं.

दुसरी पायरी: उपसर्ग बाजूला काढा

पालीत वीस उपसर्ग मानतात. संस्कृतातले शाळेत शिकलेले आठवत असतील तर बरेचसे तेच आहेत, फक्त जोडाक्षरं सुटसुटीत झालेली: प्र चा प, प्रति चा पति किंवा पटि, उत् चा उ, निर् चा नि. उपसर्ग जोडताना पुष्कळदा व्यंजन दुप्पट होतं: उ आणि पज्जति मिळून उप्पज्जति, नि आणि गच्छति मिळून निग्गच्छति. सं चा अनुस्वार पुढच्या वर्णाप्रमाणे बदलतो: सञ्जानाति, सङ्कमति. पुढे स्वर आला की पति चा पच्च होतो: पति, आ, गच्छति मिळून पच्चागच्छति, म्हणजे परत येतो.

विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आलेल्यांनी सतिपट्ठान सुत्तातलं 'सो सतोव अस्ससति, सतोव पस्ससति' हे वाक्य ऐकलेलं असतं: तो सजग राहूनच श्वास घेतो, सजग राहूनच सोडतो. दोन्हींत धातू सस्, म्हणजे श्वसन. आ लागून अस्ससति, प लागून पस्ससति. आता 'पस्सति' हा शब्द पाहा. एक स काय तो कमी, पण याचा सस् शी काडीचा संबंध नाही. पस्सति म्हणजे पाहतो, आणि त्यातला प उपसर्ग नाही, अंगाचाच भाग आहे. त्यामुळे आधी प दिसला म्हणून कापायची घाई करू नका. उपसर्ग काढल्यावर जे उरतं ते स्वतंत्रपणे क्रियापद म्हणून उभं राहतं का, हे पाहा. ससति उभं राहतं. 'स्सति' राहत नाही.

तिसरी पायरी: अंगाला ति लावा आणि कोश उघडा

पालीचे आधुनिक कोश क्रियापद 'ति'च्या रूपात देतात आणि उपसर्गासकट देतात. पजानाति हा शब्द प मध्ये शोधायचा, ज मध्ये नाही. प्रत्यय आणि उपसर्ग वेगळे करणं तुमच्या समजुतीसाठी आहे. कोशात शोधताना उपसर्ग परत जोडून घ्या. इंटरनेटवर मोफत मिळणारी डिजिटल पाली डिक्शनरी नवख्यांना फार उपयोगाची आहे, कारण ती शब्दाबरोबर त्याचा धातूही दाखवते. मूळ ग्रंथ देवनागरीत वाचायचे असतील तर इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचं (सहाव्या धम्मसंगीतीचं) तिपिटक छापलंही आहे आणि इंटरनेटवर खुलंही केलं आहे.

अर्थ मिळाला की काम संपलं असं वाटेल. पण खरी गंमत पुढच्या पायरीत आहे.

चौथी पायरी: अंगातून धातू ओळखा

धातूचं अंग बनण्याच्या ठरावीक रीती आहेत आणि त्यांवरून धातूंचे गण पाडले आहेत. आजची बहुतेक पुस्तकं सात गण सांगतात. कच्चायन या जुन्या पाली व्याकरणकाराच्या परंपरेत गह् (घेणे) या धातूचा निराळा गण धरून ते आठ होतात. संस्कृतातले दहा गण पाठ असतील तर थोडं सांभाळा. धातू पालीत येताना पुष्कळदा गण बदलतात. धातूंचे चेहरेही बदलतात, कारण पालीत ऋ नाही आणि शब्दाच्या आरंभी जोडाक्षर सहसा टिकत नाही: कृ चा कर्, दृश् चा दिस्, श्रु चा सु, ज्ञा चा ञा, स्था चा ठा, क्री चा की.

सर्वांत मोठा गण भ्वादी. इथे विकरण म्हणून फक्त अ लागतो. पच् चं पच, पचति. चर् चं चर, चरति. वस्, वद्, लभ्, जीव्, सगळे असेच. धातूच्या शेवटी इ किंवा उ असेल तर तो आधी ए किंवा ओ होतो आणि पुढच्या अ मध्ये मिसळून अय किंवा अव होतो: नी, ने, नय, नयति, भू, भो, भव, भवति. पालीला ही लांबण कमी करायला आवडतं, म्हणून नयति शेजारी नेति आणि जयति शेजारी जेति अशी जोडरूपं सर्रास दिसतात. होति हेही भवतिचंच आटोपशीर रूप आहे, जरी परंपरा त्याला हू असा वेगळा धातू देते. 'भवतु सब्बमङ्गलं' आणि 'सुखी होन्तु' या दोन प्रार्थनांतलं क्रियापद म्हणून एकच. मराठीतलं 'होणे'ही याच घरातलं.

याच गणात काही नेहमीचे धातू अंग होताना पूर्ण रूप पालटतात. ते मात्र पाठच करावे लागतात, आणि ते मूठभरच आहेत: गम् चं गच्छ, ठा चं तिट्ठ, पा चं पिव, दिस् चं पस्स, सद् चं सीद, इस् चं इच्छ, दा चं ददा किंवा दे. यांना आदेस म्हणतात.

रुधादी गणात धातूच्या पोटात अनुनासिक शिरतं. भुज् चं भुञ्ज (भुञ्जति, खातो), छिद् चं छिन्द, भिद् चं भिन्द, मुच् चं मुञ्च, सिच् चं सिञ्च. क्रियापदाच्या मधोमध ञ्, न्, म् दिसला की तो काढून पाहायची सवय लावा. नेहमीच तो बाहेरचा असतो असं नाही, पण पुष्कळदा असतो.

दिवादी गणावर मात्र थांबायला हवं. इथे मराठी वाचकाला जन्मजात फायदा आहे. विकरण आहे य. धातूच्या शेवटचं व्यंजन आणि हा य एकमेकांत असे मिसळतात की दोघांचीही मूळ ओळख पुसली जाते. युध् आणि य मिळून युज्झ: युज्झति, लढतो. बुध् चं बुज्झ. कुध् चं कुज्झ, रागावतो. नत् चं नच्च, पद् चं पज्ज, मन् चं मञ्ञ, कुप् चं कुप्प, लुभ् चं लुब्भ, तुस् चं तुस्स, सम् चं सम्म. नवख्याला या रूपांवरून धातू सापडत नाही आणि तो वैतागतो. पण हे बदल मराठी माणसाच्या जिभेवर आहेतच. त्य चा च्च: नृत्यातून नच्च आणि त्यातून आपलं नाचणे. द्य चा ज्ज: अद्य, अज्ज, आज. ध्य चा ज्झ: मध्य, मज्झ, आणि त्यातूनच घराच्या मधल्या भागाला माजघर. उत्पद्यते चं उप्पज्जति आणि मराठीत उपजणे. संस्कृत येवो न येवो, आज आणि नाच हे शब्द ध्यानात ठेवले तर ज्ज आणि च्च च्या मागे काय दडलंय ते आपोआप सुचतं.

धम्मपदाच्या पाचव्या गाथेत 'न हि वेरेन वेरानि, सम्मन्तीध कुदाचनं' असं आहे: वैराने वैरं इथे कधीच शमत नाहीत. सम्मन्तीध म्हणजे सम्मन्ति आणि इध. न्ति काढलं की सम्म, म्म मध्ये म् आणि य, म्हणून धातू सम्, शांत होणे. शमणे हा मराठी शब्द त्याच धातूचा, पण तो थेट संस्कृतातून आलेला असल्यामुळे त्यात श आहे.

उरलेले गण भराभर. स्वादीत णो, णा, उणा येतं: सु चं सुणोति किंवा सुणाति. कियादीत ना किंवा णा: की चं किणाति (विकत घेतो), जि चं जिनाति, धू चं धुनाति, ञा चं जानाति. गह् चं गण्हाति यात ह आणि ण यांनी जागा बदलल्या आहेत. तनादीत ओ: तन् चं तनोति, कर् चं करोति. चुरादीत ए किंवा अय, आणि दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदतात: चोरेति आणि चोरयति, चिन्तेति आणि चिन्तयति, पूजेति आणि पूजयति. यांत अर्थाचा फरक शोधू नका. गद्यात बहुतेकदा ए असतो, गाथांमध्ये मात्रा भरायला अय उपयोगी पडतो.

धातू हवाच कशाला?

अंगावरून कोशात अर्थ मिळत असेल, तर धातूपर्यंत खोदायची गरज काय? गरज अशी की सगळी रूपं अंगापासून होत नाहीत. वर्तमानकाळ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि 'जाणारा', 'करणारा' अशा अर्थाचं वर्तमान धातुसाधित ही अंगावर उभी असतात: गच्छति, गच्छतु, गच्छेय्य, गच्छन्तो. पण भूतकाळवाचक धातुसाधित (त, न), तुं ('जायला' मधल्यासारखं) आणि त्वा ('जाऊन' मधल्यासारखं) ही पुष्कळदा थेट धातूला लागतात: गत, गन्तुं, गन्त्वा. गच्छ कुठेच नाही. पस्सति पाठ करणाऱ्याला दिट्ठ, दट्ठुं, दिस्वा भेटले की तो गांगरतो, कारण तिथे धातू दिस् पुन्हा वर आलेला असतो. भविष्यकाळ आणि भूतकाळ दोन्ही वाटांनी चालतात: गमिस्सति आहे तसं गच्छिस्सतिही आहे. त्वा चंही तसंच. ञत्वा आणि जानित्वा दोन्ही चालतात.

धातूला त लागताना काय होतं तेवढं एकदा नीट पाहून घ्या. ध् आणि भ् असले की द्ध: बुध् चं बुद्ध, लभ् चं लद्ध. च् आणि ज् असले की त्त: मुच् चं मुत्त, भुज् चं भुत्त. स् असला की बहुधा ट्ठ: दिस् चं दिट्ठ, तुस् चं तुट्ठ. द् असला की त ऐवजी न येऊन न्न: छिन्न, भिन्न. म् कधी गळतो (गत), कधी राहतो (सन्त). 'एवं मे सुतं' हे तर सु आणि त, इतकं सरळ.

दुसरं कारण मला अधिक मोलाचं वाटतं. बुद्धवचनातल्या संज्ञा धातूंनी एकमेकींशी बांधलेल्या आहेत, आणि ती बांधणी अंगाच्या पातळीवर दिसत नाही. ञा घ्या. क्रियापदात तो जाना असा लपलेला: जानाति, पजानाति, सञ्जानाति, विजानाति, अभिजानाति, परिजानाति. नामांमध्ये तो उघड होतो: पञ्ञा, सञ्ञा, विञ्ञाण, अभिञ्ञा, परिञ्ञा. सञ्ञा म्हणजे खूण पटणं, विञ्ञाण म्हणजे विषयाची जाण, पञ्ञा म्हणजे जसं आहे तसं समजणं. भाषांतरात या तिघी तीन परक्या शब्दांसारख्या वाचल्या जातात. पाली वाचताना एकाच 'जाणण्या'चे उपसर्गाने पाडलेले प्रकार दिसतात, आणि पजानाति हे क्रियापद सुत्तात आलं की ते पञ्ञेचंच काम चाललं आहे हे सांगावं लागत नाही.

पाचवी पायरी: करवणं, केलं जाणं, करू इच्छिणं

धातूवर आणखी एक मजला चढवता येतो. प्रयोजक रूपात ए, अय, आपे, आपय लागतं आणि धातूतला स्वर बहुधा वाढतो: करोति करतो, कारेति करवतो, कारापेति हेही करवतो. हा आपे आपल्याला परका नाही. त्यातल्या प चा व होत होत मराठीत करवणे, बसवणे, शिकवणे यांतला 'व' आला. भवति म्हणजे होतो, तर भावेति म्हणजे घडवतो, वाढवतो, आणि त्यावरून भावना. मेत्ताभावना या शब्दातली भावना ही मनात आपोआप उठणारी लहर नाही. ती प्रयत्नाने वाढवायची गोष्ट आहे, हे त्या प्रयोजक अंगातच आहे.

धम्मपदाची १२९वी गाथा 'अत्तानं उपमं कत्वा, न हनेय्य न घातये' अशी संपते: स्वतःशी तुलना करून पाहावं, मारू नये, मारवू नये. हनेय्य आणि घातये दोन्ही हन् धातूचेच. प्रयोजक अंग करताना हन् चं घात होतं. एवढं कळलं की कळतं, गाथा दुसऱ्याकरवी केलेल्या हिंसेलाही तितकंच अडवते आहे.

कर्मणीत य, इय, ईय लागतं, आणि य आला की दिवादीचेच मिश्रणाचे नियम लागू होतात: पच् चं पच्चति, हन् चं हञ्ञति, लभ् चं लब्भति, वच् चं वुच्चति (म्हटलं जातं). म्हणून पचति आणि पच्चति यांत डोळ्यात तेल घालून फरक पाहा: पहिल्यात कोणीतरी शिजवतो, दुसऱ्यात काहीतरी शिजतं, पिकतं. 'यदा च पच्चति पापं' म्हणजे जेव्हा पाप पिकतं.

इच्छार्थक रूपं थोडी आहेत. धातूचं पहिलं अक्षर दुप्पट होतं आणि पुढे स किंवा त्याचं बदललेलं रूप येतं: पा चं पिपासति, भुज् चं बुभुक्खति, सु चं सुस्सूसति. पिपासा, बुभुक्षा, शुश्रूषा हे मराठीतले शब्द म्हणजे हीच घडण. सिक्खति याच जातीचं आहे, सक् म्हणजे समर्थ असणे यापासून. आपलं शिकणे त्याचंच.

हात बसवण्यासाठी दोन उतारे

पहिला, पंचशील. रोज म्हणत असाल तर एकदा धातूंच्या नजरेने म्हणून पाहा. पाणातिपाता: अति आणि पत्. वेरमणी: वि आणि रम्, थांबणे, विराम तोच. अदिन्नादाना: यात दा दोनदा आहे, दिन्न म्हणजे दिलेलं, आणि आदान म्हणजे घेणं, आ लागला की देण्याचं घेणं होतं. मिच्छाचारा: चर्. मुसावादा: वद्. शेवटच्या शीलात मज्ज आणि पमाद, दोन्ही मद् चे. मज्ज मध्ये द् आणि य, आपल्या नियमाप्रमाणे. पुढे ट्ठान मध्ये ठा. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी समादियामि: सं, आ, दा. अंग आदिय हे घडणीने कर्मणीसारखं दिसतं, पण अर्थ कर्तरी आहे: मी स्वीकारतो. समादाय या रूपात तोच दा पुन्हा स्वच्छ दिसतो.

दुसरा उतारा सुत्तांमध्ये पुन्हा पुन्हा येतो. कोणीतरी बुद्धांकडे येतं तेव्हा: 'येन भगवा तेनुपसङ्कमि, उपसङ्कमित्वा भगवन्तं अभिवादेत्वा एकमन्तं निसीदि.' शेवट काढा. उपसङ्कमि मध्ये इ, भूतकाळ. उप आणि सं बाजूला केले की कम्, पाऊल टाकणे. तेच त्वा लावून उपसङ्कमित्वा, जवळ जाऊन. अभिवादेत्वा मध्ये त्वा च्या आधी ए आहे आणि वद् चा स्वर वाढला आहे, म्हणजे प्रयोजक घडण. अर्थ, वंदन करून. निसीदि मध्ये पुन्हा इ, नि बाजूला केला की सीद, आणि सीद हे सद् चं अंग. पुढचं वाक्य बहुधा 'एकमन्तं निसिन्नो' असं सुरू होतं, एका बाजूला बसलेला. निसीदि मध्ये द आहे, निसिन्नो मध्ये न्न. सद् ला न लागला, द् त्यात विरघळला, छिन्न आणि भिन्न मध्ये झालं तसंच. एकच बसणं, एकदा अंगावरून, एकदा धातूवरून.

यानंतर धम्मपदाची पहिली गाथा घ्या आणि पदुट्ठेन, भासति, करोति, अन्वेति, वहतो हे पाच शब्द स्वतः सोडवा. अन्वेति अडेल. अनु च्या उ चा पुढच्या स्वरामुळे व् झाला आहे. तो काढल्यावर एति उरतं, आणि त्याचा धातू आहे नुसता इ, जाणे.